बिनकातडीचा रावस

आमच्या बाबांना सगळा बाजार ‘कातडीवाले’ म्हणायचा. नवख्या माणसाला वाटे, यांचा चामड्याचा धंदा असणार. बाबा मासे विकायचे. मासळीबाजारात शिरलं की डाव्या हाताचा दुसरा ओटा त्यांचा, आणि त्या ओट्यावर त्यांचा एकच हट्ट चालायचा. गिऱ्हाईक कितीही गयावया करो, माशाची कातडी काढून तुकड्या द्यायच्या नाहीत. खवले काढून देतील, पोट साफ करून देतील, काटे कुठे लपलेत ते बोटाने दाखवतील. कातडी मात्र जागच्या जागी.

“घरी जाऊन काढा,” म्हणायचे. “कातडी गेली की सगळे मासे सारखेच गोरे. मग मी काय दिलं आणि तुम्ही काय नेलं, ते देवालाच ठाऊक.”

बाजारात तेव्हा एक युक्ती सर्रास चालायची. ओट्यावर मधोमध रावसासारख्या महागड्या माशाचं मोठं डोकं मांडून ठेवायचं आणि त्याच्या बाजूला भलत्याच माशाच्या सोललेल्या तुकड्या रचायच्या. डोकं तेच, आठवडाभर बर्फात मुरलेलं. धडं मात्र रोज नवी. गिऱ्हाईक डोक्याकडे बघून तुकड्या घेऊन जायचं. बाबांना या प्रकाराची मनस्वी चीड होती. शेजारच्या ओट्यावर असं डोकं दिसलं की ते मुद्दाम जाऊन त्याला नमस्कार करायचे आणि मोठ्याने विचारायचे, “काय, आज कोणाच्या अंगावर बसलात?” यामुळे बाजारात त्यांना मित्र बेताचेच होते. पण गिऱ्हाइकं यायची ती थेट त्यांच्याकडे, आणि त्यांनी ‘हा रावस’ म्हटलं की पुढे कोणी चकार शब्द काढत नसे.

घरी मात्र आमच्यासाठी मासा यायचा तो सोललेला. मला आणि माझ्या धाकट्या भावाला याचं भारी अप्रूप होतं. अख्ख्या जगाला कातडीसकट, आणि आम्हाला सोलून! संध्याकाळी जिन्यावर बाबांच्या रबरी चपलांचा पचपच आवाज आला की आम्ही दाराशी पळायचो. त्यांच्या हातांना लिंबाचा वास यायचा. ओटा धुऊन झाल्यावर ते लिंबाच्या सालीने हात चोळून मगच घरी येत. कागदाचं दोऱ्याने बांधलेलं पुडकं ते पाठीमागे लपवायचे आणि विचारायचे, “ओळखा बघू?”

“रावस!” आम्ही बोंबलायचो.

“अरे वा, वासावरून?” असं म्हणून ते पुडकं आईच्या हाती देत. आई रस्सा करायची. तिचा रस्सा दाट असायचा, आणि त्यातली ती मऊ, तुपासारखी विरघळणारी तुकडी भातात कुस्करून खाताना आम्ही दोघं बोलायचं विसरायचो. भाऊ तर ताट चाटून आरशासारखं करून ठेवायचा. बाबा शेपटीकडची तुकडी घेऊन सावकाश जेवत आणि आमच्याकडेच बघत बसत. ओट्यावर कोणी विचारलं, “रावस कसा लागतो हो?” तर ते म्हणायचे, “आमच्या घरी येऊन बघा, पोरं ताटं चाटतात.” मला ते म्हणायचे, “तुझी जीभ म्हणजे तराजू आहे.” हे मी इतकं मनावर घेतलं की अगदी परवापर्यंत मला कुठल्याही गोष्टीची चव कळते असाच माझा समज होता.

आता थोडं माझ्याविषयी. मी शाळेत गणित शिकवते. आवाज खणखणीत, स्वभाव फटकळ, आणि चूक दिसली की ती तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. सासर मिळालं ते मासे न खाणारं. त्यामुळे मासा खाल्ला तो माहेरी जाईन तेव्हा, आईच्या हातचाच. बाबा थकले, त्यांनी ओटा सोडला, आणि गेल्या वर्षी ते गेले. मग आईला मी माझ्याकडे आणलं.

आई आली, पण तिची भूक काही बरोबर आली नाही. ताटात अर्धी पोळी उरायची, भाताला ती नुसती बोटं लावायची. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. मला ते पटत नव्हतं. मला वाटलं, तिला तिच्या घरची चव हवी. एका रविवारी मी नवऱ्याकडून परवानगी काढली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवायची आणि त्याने गॅलरीत बसून पेपर वाचायचा, अशा अटींवर तह झाला. आणि मी कित्येक वर्षांनी मासळीबाजारात गेले.

बाबांच्या ओट्यावर आता एक बाई बसत होती. तिला सगळे ‘नवी’ म्हणत. बाबांनी ओटा सोडला तेव्हा तो तिला मिळाला, त्याला चांगली काही वर्षं झाली होती, तरी ती आपली नवीच. बाबांचा तुकड्या करायचा लाकडी ओंडकासुद्धा तिने तसाच ठेवला होता, मध्ये झिजून खळगा पडलेला. खरं सांगायचं तर ती तिथे बसलेली मला आवडलीच नाही. तिने काही केलं नव्हतं; ती तिथे होती, एवढंच.

“रावस आहे? सोलून दे,” मी म्हटलं.

ती घुटमळली. “ताई, मी कातडी काढून देत नाही. आधी इथे जे बसायचे ना, त्यांची तशी…”

“त्यांचीच मुलगी आहे मी,” मी म्हटलं. “आमच्या घरी सोललेलाच लागतो. बाबा आमच्यासाठी सोलूनच आणायचे.”

तिचा चेहरा एकदम उजळला. “अगंबाई, कातडीवाल्यांची मुलगी! मग तुम्हाला कोण नाही म्हणणार?” तिने मधल्या तुकड्या निवडून निवडून काढल्या, सोलल्या, आणि वर कोथिंबीर ठेवली.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. तिला बाहेरच्या खोलीत बसवून स्वयंपाक केला, ताट तिच्यापुढे ठेवलं आणि बाबांच्या थाटात विचारलं, “ओळख बघू?”

तिने तुकडी मोडली, घास तोंडात घातला. आणि तिचा हात थांबला. तिने तो घास कसाबसा गिळला, ताटाकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले.

“हा रावस?” ती म्हणाली.

“रावस म्हणूनच दिलाय. का गं?”

ती ताट बाजूला सारून उठली आणि खिडकीशी जाऊन बसली. मग मी चव घेतली. घट्ट, सुटे सुटे पदर पडणारा मासा, रस्सा आत न शिरलेला. ती मऊ, विरघळणारी चव कुठेच नव्हती. माझ्या डोक्यात सणक गेली. भावाला फोन लावला. तो परगावी असतो. सगळं ऐकून तो म्हणाला, “अगं, सगळीकडे हीच बोंब आहे! मी दोनदा हॉटेलात रावस परत पाठवलाय. खरा रावस आता कोणी देतच नाही. तो बाबांबरोबर गेला.” हे ऐकून तर मला आणखीच चेव आला.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी बाजार भरात असताना मी नवीपुढे उभी राहिले आणि शेवटच्या बाकावरच्या मुलालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “काल मला रावस म्हणून काय दिलंस?”

ती गोंधळली. “रावसच दिला की, ताई.”

“डोकं रावसाचं मांडायचं आणि बाजूला काहीही विकायचं, हे या ओट्यावर? या ओंडक्यावर?”

ती शपथा घेऊ लागली, उरलेला मासा दाखवू लागली. पण मी नेलेल्या तुकड्यांना कातडी नव्हती, आणि ती मीच काढायला लावली होती, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. गिऱ्हाइकं मागे सरली. एकीने हातातली पिशवी तिथेच परत ठेवली. बाजारप्रमुख आले. अशा बाबतीत बाजाराचा नियम कडक होता: खोट्या नावाने मासा विकल्याचं ठरलं की ओटा गेला, पुन्हा मिळायचा नाही.

“एरवी मी मासा तपासायला पाठवला असता,” बाजारप्रमुख म्हणाले, “पण यांनी तो शिजवला. आणि कातडीवाल्यांची मुलगी रावस नव्हे म्हणतेय, तर आणखी कसली तपासणी करायची? दोन दिवसांनी समिती बसेल. तोवर ओटा बंद.”

नवीने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिने गुपचूप ओल्या गोणपाटाने मासे झाकले आणि खाली बसून राहिली. मी मान ताठ ठेवून घरी आले. वाटेत मनात म्हणत होते, बाबा असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

आईला सगळं रंगवून सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने विळी आडवी केली.

“काय केलंस हे?” ती म्हणाली. “तिने तुला रावसच दिला होता गं.”

“आई, तू स्वतः ताटावरून उठलीस!”

“उठले. रावस होता म्हणूनच उठले.”

मला काहीच कळेना. आईने पदराला हात पुसले आणि मला समोर बसवलं. लहानपणी मोठं काही सांगायचं असलं की बसवायची, तसंच.

“आपल्या घरात रावस कधी आलाच नाही,” ती म्हणाली. “रावस म्हणजे पैसेवाल्यांचं खाणं. उरला तर हॉटेलवाला उचलायचा. आपल्याकडे यायचा तो शिंगाळा. कोणी घेत नसे म्हणून रोज उरायचा.”

शिंगाळा! तो मिशांचा, गुळगुळीत, बिनखवल्यांचा मासा. लहानपणी मला त्याची किळस यायची.

“तूच म्हणालीस ना, मिशीवाला मासा मी मेले तरी खाणार नाही. तोंड मिटून बसलीस. बाबा लोकांना रावस देतात, मग आम्हालाच का नाही, म्हणून रडलीस. तुझं बघून धाकटाही रडला. दोघं उपाशी झोपलात. दुसऱ्या दिवशी यांनी काय केलं असेल? शिंगाळा घेऊन आले आणि मोरीत उभं राहून, पाठ फिरवून त्याची कातडी काढली. जन्मात पहिल्यांदा. मग बाहेर येऊन म्हणाले, आज रावस आणलाय. त्या रात्री तुम्ही ताटं चाटलीत. हे मात्र जेवले नाहीत.”

“पण रोज ते…”

“आठवून बघ. त्या दिवसानंतर ते कधी रावस म्हणाले? नुसतं ‘ओळखा बघू’ म्हणायचे. नाव तुम्हीच घ्यायचात.”

मी आठवून पाहिलं. जिना, लिंबाचा वास, पाठीमागचं पुडकं. खरंच, ते कधीच म्हणाले नव्हते. मला रडू आलं, आणि रागही आला. कुणावर ते कळेना, म्हणून आईवरच काढला. “मग काल तू का रडलीस?”

आईने विळी भिंतीशी सरकवली.

“अगं, मीही कधी खाल्ला नव्हता,” ती म्हणाली. “आणि त्यांनीही नाही. जन्मभर रावस कापला, पण जिभेवर ठेवला नाही. एकदा मला विचारलं होतं त्यांनी, ‘काय गं, लागत असेल कसा?’ मी म्हटलं, ‘मला काय विचारता? विकता तुम्ही!’ खूप हसलो होतो आम्ही दोघं. काल तू घास दिलास आणि मनात आलं, आता मला कळलं कसा लागतो. पण सांगू कुणाला?”

भाजी तशीच पडून राहिली. गॅलरीतून नवऱ्याने काय झालं म्हणून आत डोकावलं आणि आमच्याकडे बघून तो मुकाट्याने परत गेला.

शेवटी मी डोळे पुसून उठले. “मी जाऊन सांगते की चूक माझी झाली.”

“नुसतं तेवढंच सांगितलंस तर लोक म्हणतील, हिला दया आली,” आई म्हणाली. “तो डाग तिला कायमचा चिकटेल. का चुकलं ते सांग.”

“म्हणजे बाजारात उभं राहून सांगू, की कातडीवाले घरी शिंगाळ्याला रावस म्हणायचे? आई, सगळ्या जगात त्यांचं तेवढंच तर राहिलंय!”

“त्यांना आता नावाचं काय करायचंय? तिला मात्र उद्या चूल पेटवायची आहे.”

मी आणखी वाद घातला असता, पण ती चपला शोधायला लागली होती. जिना उतरताना जिचे गुडघे दुखतात म्हणून मी तिला गच्चीवरही नेत नसे, ती माझा हात न धरता खाली उतरली.

आम्ही पोचलो तेव्हा बाजार उठायला आला होता. नवी अजून झाकलेल्या ओट्यापाशीच होती. गोणपाटाखालून बर्फाचं पाणी गळत होतं. मी बाजारप्रमुखांना बोलावलं आणि म्हटलं, “माझी चूक झाली. तिने रावसच दिला होता.”

त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. “ताई, तुमचं मन मोठं आहे. बाबांवर गेलात. पण दया दाखवून बाजार चालत नाही.”

आई म्हणाली होती अगदी तसंच झालं. ती माझ्या शेजारी उभी होती. ज्या आवाजाने सकाळी अख्खा बाजार जमवला होता, तो कुठे गेला कोण जाणे. मी त्या ओंडक्यावर हात ठेवला.

“मला रावस ओळखताच येत नाही,” मी म्हटलं. “मी तो आयुष्यात कधी खाल्लाच नव्हता. बाबा घरी शिंगाळा आणायचे. आम्ही रावस मागून रडायचो, म्हणून ते तो सोलून आणायचे. आम्ही त्यालाच रावस समजलो. काल पहिल्यांदा खरा खाल्ला, आणि मला तो खोटा वाटला.”

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. बाजारप्रमुख आईकडे बघू लागले.

“म्हणजे कातडीवाल्यांनी कातडी काढली?” बर्फवाले काका म्हणाले. बाबांच्या काळापासून बाजाराला बर्फ तेच पुरवत आलेत.

“काढली,” आई म्हणाली. “पोरांसाठी काढली. गिऱ्हाइकासाठी कधी काढली असेल तर सांगा.”

काकांनी डोकं खाजवलं. “तरीच! ओटा धुवायच्या वेळी रोज पाठ करून काहीतरी करत बसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, तू तुझा बर्फ बघ. आम्हाला वाटायचं, चोरून तंबाखू मळतात.” आणि ते हसायला लागले, पण हसता हसता त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने डोळे टिपले.

बाजारप्रमुखांनी स्वतः ते गोणपाट उचललं. नवी उठून उभी राहिली. मी माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, “ताई, या ओट्यावर बसले तेव्हापासून एकाही गिऱ्हाइकाला कातडी काढून दिली नव्हती. तुम्हालाच दिली. त्यांची मुलगी म्हणून.” तिचा वाया गेलेला माल मी भरून दिला. पण गेलेली सकाळ काही मला भरून देता आली नाही.

भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे त्या हॉटेलवाल्याचीही माफी मागायला हवी.” आणि मग आम्ही दोघं फोनवर लहान मुलांसारखे रडलो.

आठवड्याभराने आईच म्हणाली, “चल, बाजारात जाऊ.” तिला भूक लागली होती. तिने तसं तोंडाने म्हटलं, हे मला मोठंच वाटलं. नवीच्या ओट्यापुढे गिऱ्हाइकं होती. आम्हाला बघून ती थोडी आखडली, पण आईला बसायला तिने स्टूल पुढे केलं.

“बोला आजी. रावस देऊ? चांगला आलाय.”

“नको,” आई म्हणाली. “शिंगाळा आहे?”

नवीने कोपऱ्यातल्या टोपलीतून शिंगाळा उचलला. मिशा, गुळगुळीत अंग, तेच ते लहानपणचं ध्यान. ती तुकड्या करायला वळली आणि थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

“कातडी राहू दे ना?” तिने विचारलं.

मी ‘राहू दे’ म्हणणारच होते. पन्नाशी उलटलेली बाई मी, आता कसल्या मिशा आणि कसली किळस. पण आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“काढ बाई,” ती म्हणाली. “आमच्या घरी रावस बिनकातडीचाच खातात.”

नवी पहिल्यांदाच हसली. ओंडका तिने आता मागच्या बाजूला सरकवला होता, म्हणून तिला आमच्याकडे पाठ करावी लागली. तशीच उभी राहून ती कातडी काढू लागली.